तीनदा धुतलेल्या पेशी

प्रिय खारूताई,

वसतिगृहातली ती सकाळ आठवते तुला? आम्ही चाळीसेक मुली रांगेत उभ्या आणि सिस्टर वही उघडून विचारतायत, "कोणाला ताप आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. सिस्टरनी खुशीत लिहिलं, 'सर्व मुली ठणठणीत.' ज्यांना ताप होता त्या वरच्या मजल्यावर खाटांवर कुडकुडत होत्या, त्यांत तूही. मला माहीत होतं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त, म्हणून मी गप्प बसले. नंतर आयुष्यभर आपण त्यावर हसलो. गेले चार दिवस मला हसू येत नाहीये.

बोटं कशी आहेत गं? भाची सांगत होती, "आईची बटणं लावून दिली की ती माझ्यावरच खेकसते." खेकस, तुझा तो जुना हक्कच आहे. सांध्यांच्या या नव्या गोळीची माणसांवर चाचणी होणार आहे, तीत नाव दे, हे तुला मीच सांगितलं. आमच्याच प्रयोगशाळेत तपासलीये, यकृताला अगदी निर्धोक, असं छातीठोकपणे म्हणाले. तू म्हणालीस, "ताई, तू पास केलंस ना, मग मी डोळे मिटून गिळीन." किती दिवसांनी तुझा आवाज असा हलका ऐकला होता!

माझ्या कामाला तू 'पेशींची हजेरी' म्हणतेस, ते खरंच तसं आहे. बारीक खळग्यांच्या ताटलीत यकृताच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर औषध घालायचं, दोन दिवसांनी रंग. जिवंत पेशी हिरव्या चमकतात. मेलेल्यांचं आवरण फाटलेलं असतं, त्यातून लाल रंग आत शिरतो. मग ताटली धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, आणि संगणक सांगतो शंभरात लाल किती. धुवायचं एकदाच, तेही हलक्या हाताने. मी तीनदा धुवायचे. गढूळ फोटो मला बघवत नाही. सिस्टरांनी लावलेलं नीटनेटकेपणाचं वेड, दुसरं काय! साहेब म्हणायचे, "बाई, तुमचे फोटो फ्रेम करून लावायला हवेत!" मी लाजायचे आणि पुढची ताटली आणखी मन लावून धुवायचे.

मंगळवारी ताटल्या धुण्याचं यंत्र बिघडलं. म्हटलं, राहू दे, तुझ्या गोळीची ताटली न धुताच बघू. खारू, सगळा पडदा लाल होता. मरणारी पेशी तळाची पकड सोडते गं, ती पाण्याबरोबर निघून जाते. मी इतकी वर्षं रांगेत उरलेल्यांनाच विचारत आले, कोणाला ताप आहे? शंभरात दोन लाल, असं संगणक सांगायचा. मुळात होत्या किती, ते मी कधी पाहिलंच नाही. माझा विश्वास बसेना. तीन नव्या ताटल्या लावल्या, आज शुक्रवारी त्यांचे फोटो काढले. तिन्ही लाल. माणसाच्या शरीरात असंच होईल का, मला ठाऊक नाही. कदाचित होणारही नाही. पण ते तुझ्यावर करून बघायचं नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू म्हणशील, "काही होत नाही गं," आणि मला तेच ऐकायचं असतं. उद्या नऊला मी साहेबांना सगळं सांगणार आहे. पण मला माझाच भरवसा नाही. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा बघू, घाई कशाला," की मी विरघळते. सोमवारी तुम्हा वीस जणांना पहिली गोळी द्यायची आहे. म्हणून भाचीबरोबर ही तीन पाकिटं पाठवते आहे. उद्या दहाला तुझी तपासणी आहेच. जाड पाकीट चाचणीच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस. त्यात धुतलेले आणि न धुतलेले फोटो शेजारी शेजारी लावलेत. निळं पाकीट, रुग्णांची सुरक्षा जी समिती बघते तिच्या अध्यक्षांना दे. त्यात माझ्या वहीच्या प्रती आहेत आणि चूक माझी आहे असं सही करून लिहिलंय. तिसरं तुझं. तू माझ्याकडे जपून ठेवायला दिलेली संमतीपत्राची प्रत. तिच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही होती, ती मी खोडली आहे. तिच्या वरची तुझी सही तू खोड. बोटं दुखतील, पण भाचीला खोडायला सांगू नकोस.

या वेळी हात वर करून उभी असलेली,
तुझीच,
ताई