देव्हेंटरहून, सीत्सेबद्दल

देव्हेंटर, १४ ऑक्टोबर

प्रिय डाउवे,

सुखरूप पोचले. गाडीत गुडघा आखडला होता, आता बरा आहे. तू नीट जेवतोस ना? वाटाण्याचं सूप करून ठेवलंय, नुसत्या पाव-चीजवर दिवस काढू नकोस.

इथली माणसं सायकलवरून अशी सुटतात, जणू मागे भरती लागलीय. आपल्या बेटावरच्यासारखं मी भेटेल त्याला ‘सुप्रभात’ म्हणत होते, तर लोक वळून बघायचे, ही कोण बुवा? खिडक्यांचे पडदे उघडे टाकतात, पण आत डोकावायचं नसतं म्हणे. मी डोकावते. बाजारात मासे घेतले. ते त्यांना ताजे म्हणतात, म्हणोत बापडे.

काल सूनबाईचा, मार्लूसचा, वाढदिवस झाला. गोल मांडलेल्या खुर्च्या, केकचा एकेक तुकडा, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं, तेवढं आपल्यासारखंच. आपला सीत्से कॉफी देत फिरत होता. मार्लूसच्या भावापुढे त्याने कप ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. भावाच्या मांडीवर सगळी कॉफी. तो हसून म्हणाला, “काय रे, दर्यावरचा गडी तू, जमिनीवरच डुलायला लागलास?” सगळे हसले. मार्लूस हसली नाही.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. “काय लपवताय माझ्यापासून?”

“त्यालाच विचारा, आई,” म्हणाली आणि नळ सोडून कप विसळत राहिली.

आज दुपारी त्याच्याबरोबर नदीकाठी गेले. त्याने माझा हात धरला होता. मला वाटलं, माझ्या गुडघ्यासाठी.

डाउवे, आपल्या पोराची नजर जातेय. आधी अंधारातली गेली, आता दोन्ही बाजूंची चाललीय. नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरलंय. डॉक्टर म्हणतात उपाय नाही, आणि किती दिवस तेही सांगता येत नाही.

ज्या संध्याकाळी त्याने बोट धक्क्यावर आदळली, तेव्हा त्याला धक्का दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो सुकाणू धरायला तयार होईना, तर तू सगळ्या बंदरासमोर त्याला भित्रा म्हणालास. तो सामान घेऊन निघून गेला. सात वर्षं आपण समजत राहिलो, त्याला समुद्राची भीती बसली. त्याला भीती होती ती तुझ्या बोटीवरच्या माणसांच्या जिवाची.

“तेव्हाच का नाही सांगितलंस रे?” मी विचारलं.

“बाबा भित्रा म्हणाले, ते सोसलं मी,” तो म्हणाला. “आंधळा म्हणून कीव केली असती, ती नसती सोसली. त्यांना कळवू नकोस, आई.”

“कळवणार,” मी म्हटलं. “रागव हवं तर.”

तो रागावला नाही. माझा हात धरून चालत राहिला. मग विचारलं, “बाबांची दाढी अजून लालच आहे का गं?”

पांढरी झाली, हे मी सांगितलं नाही. ते त्याचं त्याला बघू दे.

माफी कशी मागायची, या विचारात बसशील आणि दिवस घालवशील. तुला ओळखते मी. काही बोलू नकोस. फक्त उजेड असताना ये, आणि त्याच्या अगदी समोर उभा राहा.

तू येईपर्यंत इथून न हलणारी,
येल्त्ये