पाटीवर 'वाव नाही' कोरण्याबाबत

दिनांक : ४ मार्च

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
मुख्य क्रीडागृह कार्यालय, पहिला मजला.

विषय : क्रीडागृहाला निवृत्त मुख्य परीक्षकांचे नाव देताना पाटीवर त्यांच्याच हातचा शेरा कोरण्याबाबत.
संदर्भ : (१) बास्केटबॉल निवडचाचणीची गुणपत्रिका, अनुक्रमांक २७. (२) माझे आधीचे तीन अर्ज. (३) आपले एक उत्तर.

महोदय,

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाने घर बांधले आणि भिंती ओल्या असतानाच आम्ही राहायला गेलो, त्या वर्षीची ही चाचणी आहे. व्यावसायिक संघ कोणत्या होतकरू मुलींना घेणार, हे तिच्या गुणपत्रिकेवरून ठरायचे होते. मी तेव्हा याच मैदानावर फरशीवर सांडलेला खेळाडूंचा घाम पुसायच्या कामाला होते. अनुक्रमांक २७ ही माझी नात, मुलीची मुलगी, वय अठरा. सगळे तिला काठी म्हणत.

१. परीक्षकांनी गुणपत्रिकेत तिच्या क्रमांकापुढे दोन शब्द लिहिले : वाव नाही. मला अक्षर येत नव्हते, म्हणून कारकुनांनी वाचून दाखवले. माझे वडील विहिरी खणत. आमच्या घरी वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतची लांबी. दोर तसाच मोजत. मला वाटले, पोरीचे हात मोजायचे राहून गेले. मी तिला भिंतीशी उभी केली, दोरीने मोजले, गाठी मारल्या आणि दोरी कार्यालयात नेऊन दिली. असे तीनदा केले. तिसऱ्यांदा कारकून म्हणाले, "आजी, ही घरी न्या आणि कपडे वाळत घाला. पोरीत दम नाही, पुढे काही व्हायचं नाही, असं लिहिलंय साहेबांनी." सगळी खोली हसली. नात माझ्या मागेच उभी होती.

त्यानंतर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी प्रौढ वर्गात नाव घातले. ते दोन शब्द मला स्वतः वाचायचे होते. वाचले. बाकीची अक्षरे अर्जासाठी शिकले.

२. परीक्षकांचे काम मी जवळून पाहिले आहे. दर पाळीला मी त्यांच्या खुर्चीखालून फडके फिरवी. काठीच्या पाळीला खुर्ची रिकामी होती. साहेब जिन्यात फोनवर जावयाच्या गाडीचा रंग ठरवत होते. परत आले तेव्हा ती खेळून पाणी पीत होती. त्यांनी तिच्या बुटांकडे पाहिले आणि लिहिले. बूट तिच्या मामाचे होते, आत कापूस भरलेला.

३. खेळाडू कसा ओळखावा हे मला कोणी विचारले नाही, तरी लिहिते. उडीवरून खाली येताना जी घसरते, तिच्या जागी फरशीवर लांब ओला पट्टा उमटतो. जी दमली तरी तोल सांभाळते, तिचे नुसते थेंब पडतात. बावीस वर्षे मी हे पुसले. ज्या अकरा जणींना 'वाव आहे' मिळाले, त्यांचे पट्टे पुसता पुसता माझे गुडघे सोलले. काठीचे फक्त थेंब होते. त्या अकरांतली एकही दुसऱ्या हंगामाला संघात राहिली नाही. यादी जोडली आहे.

४. पाटीवर 'अचूक नजरेचे परीक्षक' असे कोरणार असल्याचे सूचनाफलकावर वाचले. माझी हरकत नाही. त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'वाव नाही' कोरावे. समारंभात त्यांना व्यासपीठावर हात पसरून उभे करावे. मी त्यांना दोरीने मोजीन. माझ्या नातीपेक्षा किती कमी भरले ते ध्वनिक्षेपकावरून सांगावे. जावयाला पहिल्या रांगेत बसवावे. कार्यालयातील सर्वांनी त्या वेळी हसावे. त्यांना सवय आहे. हात दुखले तरी साहेबांना खाली घेऊ देऊ नयेत. त्यांनी माफी मागू नये. मागितली तर मी घेणार नाही.

५. शेऱ्याबद्दलची तक्रार खेळाडूने स्वतः करावी, आजीची चालत नाही, असे आपण कळवले आहे. त्या दिवसानंतर ती चेंडूला शिवली नाही. गोदामात वरच्या फळीवरचे खोके काढायला लागली. शिडी लागत नाही म्हणून मालक खूश होता. पुढे कावीळ झाली. त्यात परीक्षकांचा दोष नाही, हे मी लिहून देते, कारण खोटे लिहायला मी अक्षरे शिकले नाही. खेळाडू स्वतः अर्ज करू शकत नाही. माझी नात गेल्या वर्षी १९ नोव्हेंबरला सकाळी साडेदहा वाजता वारली.

आपली अर्जदार,
(सही)
निवृत्त सफाई कामगार, मुख्य क्रीडागृह