चष्मेवाल्यांचं मशीन

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? धरत नसशील तर उगाच "धरते" असं कळवू नकोस, मला फोनवर आवाजावरून समजतं. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे जवळजवळ वेळेवर.

एक सल्ला हवा होता. आमच्या मालकांनी ऑफिसची खोली सोडली. भाडं वाढलं, आणि सुतारकामाचा कारखाना तर गावाबाहेर आहेच. मला म्हणाले, "कपाटांची ड्रॉइंग तू घरून करून पाठव. मशीन मात्र तुझं. एक तारखेपर्यंत जमव, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." माणूस वाईट नाही, फक्त कायम घाईत असतो. नवं मशीन मला झेपणारं नाही, म्हणून जुनं शोधत होते.

आमच्या कोपऱ्यावरचे चष्मेवाले दुकान बंद करतायत. काउंटरवर एक काळा डेस्कटॉप, त्याला चिठ्ठी: नऊ हजार. मी तुझ्या पद्धतीनं कागदाला मधोमध घडी घातली. डावीकडे बरं, उजवीकडे वाईट. उजवीकडे लिहिलं की कीबोर्डवरचं शून्य एकदा दाबलं तरी दोनदा उमटतं, पेनड्राइव्ह फक्त पुढच्या बाजूला लागतो, आणि पंखा सुरू होण्याआधी घसा खाकरतो. डावीकडे पडदा स्वच्छ, चालू व्हायला अर्धं मिनिट. मग मी माझं सगळ्यात जड ड्रॉइंग उघडून बघितलं, आठ दारांचं कपाट. माउसनं फिरवलं तर ते पडद्यावर भोवऱ्यासारखं फिरलं.

इतकं फिरायला नको होतं. बिलं छापायच्या मशीनवर त्यानं अडखळायला हवं. मी झाकण उघडून बघू का असं विचारलं, तर चष्मेवाल्यांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढून दिला आणि स्वतः गिऱ्हाइकाकडे वळले. आत भारीतलं ग्राफिक्स कार्ड होतं. पडद्यावरची चित्रं झरझर हलवणारा भाग असतो तो. नुसता तेवढा जुन्या बाजारात विकला तरी चौदा हजार कुठे गेले नाहीत.

"काका, हे आधी कोण वापरायचं?"

"मुलगी. कार्टून हलवायची त्यावर. तिनं नवीन घेतलं आणि हे माझ्या गळ्यात मारलं. मी बिलं काढतो आणि पत्ते खेळतो." मग पंख्याकडे बोट करून म्हणाले, "हा खोकतो म्हणून आठ दे. त्याखाली नाही हं, मलाही घरी तोंड दाखवायचंय."

तर आत्या, मशीन त्या किमतीला योग्य आहे का, एवढंच विचारायचं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर ते नीट बसतं, फक्त वायर जरा आखूड पडते.

हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. तू आता चष्मा कपाळावर सरकवला असशील. म्हणशील, घेऊ का म्हणून विचारतेस, आणि वायर कुठे आखूड पडते तेही सांगतेस?

घेतलं, आत्या. शनिवारीच, आठ हजारांना. मी झाकण परत लावत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आत सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक आहे." खोटं नव्हतं. तेच तर.

नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझं जेवणाचं टेबल. तिथला नियम मला अजून पाठ आहे. तपासताना तुझ्याकडून माझी चूक सुटली, तर ती मीच दाखवायची. मी दाखवायचे आणि तू सगळ्या घराला सांगत सुटायचीस, "ही पोरगी स्वतःचे मार्क स्वतः कापते!"

तीन दिवस ते कपाट भोवऱ्यासारखं फिरतंय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. पत्र आज टाकत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल मशीन उचलून दुकानात नेलं. वाटेत दोनदा पायऱ्यांवर टेकवलं. चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं, शनिवारी मला माहीत होतं हेसुद्धा. त्यांनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते जन्मात विकलं नसतं!"

फोन ठेवून ते माझ्यावरच उखडले. "सहा दिवस मी मजेत होतो. अडगळ गेली, वर आठ हजार मिळाले म्हणून. आणि तू येऊन सांगतेस की मी बुडालो?"

"माझं चुकलं, काका."

"चुकलं ते शनिवारी. आज कशाला रडवेली होतेस?" मग एकदम हसायलाच लागले. "लोक नवा चष्मा लावून घरी जातात, कोपऱ्यातली जळमटं दिसतात, आणि भांडायला येतात माझ्याकडे. चाळीस वर्षं ऐकतोय. त्यांचं म्हणणं आज कळलं."

कोरी चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "खरी किंमत तूच लिही."

मी लिहिलं, बावीस हजार.

"आहेत?"

"नाहीत."

"मग राहू दे इथंच."

लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर ते म्हणतील, जाऊ दे पोरी, घेऊन जा. तसं काही झालं नाही, आणि का व्हावं? त्यांनी माझे आठ हजार परत दिले आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी मशीनला चिकटवली. निघताना माझा चष्मा मागून घेतला, त्याची सैल काडी घट्ट केली, काचा पुसल्या. "एवढं फुकट," म्हणाले.

मालकांनी फोनवर आधी किरकिर केली. मग म्हणाले, "कारखान्यात येऊन माझ्या मशीनवर बस महिनाभर. पुढचं पुढे बघू." आज पहिला दिवस होता. नाकाला ओढणी बांधून बसले तरी भुश्शानं शिंका थांबेनात, आणि कपाट दर दाराला अडखळतं. सुतारांनी दुपारपर्यंत माझं नाव शिंकाबाई ठेवलंसुद्धा. पण त्या पडद्याकडे बघवतं.

आता दुसरं. खरं म्हणजे हेच पहिलं.

मी शाळेत जाणार होते त्याच्या आदल्या आठवड्यात तू म्हणालीस, दहापैकी दहा आले तर कंपासपेटी. सातव्या गणितात मी हातचा विसरले होते आणि तू बरोबरची खूण केली होतीस. मला दिसलं. मी वही मिटली आणि म्हटलं, "झालं." तेही खोटं नव्हतं. ती चूक तुझ्या नजरेतून सुटली होती की तू मुद्दाम सोडली होतीस, हे मी सोळा वर्षांत विचारलं नाही. आताही विचारत नाही. घरात माझं कौतुक निघालं की मी उठून पाणी प्यायला का जाते, ते मात्र आता तुला कळेल.

तेव्हाचा एक मार्क कापून घे, आत्या. पेटी तेवढी परत मागू नकोस. तिचं झाकण वाकलंय, ते आता फक्त माझ्याच अंगठ्याला उघडतं.

कठडा धर.

तुझी,
दहापैकी नऊ