रिकाम्या शेताची बारी

किन्हवली, मंगळवार

प्रिय देवकी वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी शेताचं नाव काढलं की नेमक्या तुझ्या पोळ्या करपायला लागतात आणि तू फोन ठेवतेस. इतक्या पोळ्या खरंच करपत असत्या, तर कल्याणच्या त्या मेसवाल्याने तुला केव्हाच घरी पाठवलं असतं! म्हणून कागदावर लिहून आपल्या गावातल्या प्रेमाकडे देतेय. ती रोज कल्याणला कॉलेजात येते. वहिनीच्या हातात दिल्याशिवाय परत यायचं नाही, असं तिला बजावलंय.

तू नेहमी विचारायचीस, घरी बसून दिवसभर काय टकटक करतेस गो? मी सांगायचा प्रयत्न केला की तू हसायचीस. आता पुन्हा सांगते, कारण त्या टकटकीने गावात महाभारत घडवलंय. आमची कंपनी संगणकासाठी औजारं बनवते आणि ती कशी वापरायची ते मी लिहिते. पूर्वी मी माणसांसाठी लिहायची, आता सांगकाम्यांसाठी लिहिते. एआय एजंट म्हणजे संगणकातला सांगकाम्याच. सांगितलं तेवढं करतो, झटपट करतो, आणि का म्हणून विचारत नाही. सध्याचं औजार शीटमधले, म्हणजे संगणकावरच्या आखीव तक्त्यातले, खाने काढून टाकण्याचं आहे. त्यात एक गोम आहे. खाना नुसता पुसला तर तो कोरा होतो, पण जागेवर राहतो. मुळातून काढला तर खालचे सगळे एकेक घर वर सरकतात. नवीन सुनेला डबे घासायला सांगावे आणि तिने रिकामे दिसले म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकावे, तसं होतं.

तर आमच्या धाकट्या ओमकारने काय केलं, बंधाऱ्याच्या पाण्याच्या बाऱ्या, कुणाची पाळी कधी ते, शीट करून मोबाइलवर आणल्या. एका उभ्या रांगेत तारखा, शेजारच्या रांगेत नावं. तुझं घर बंद म्हणून तुझ्या सोमवारापुढे त्याने कोरं ठेवलं. हे औजार मी लिहिण्यासाठी तपासत होते, ते त्याने माझ्याकडून मागून घेतलं आणि सांगकाम्याला हुकूम सोडला, शीट नीटनेटकी कर. त्याने केली. कोरा खाना काढला आणि तुझ्याखालचं अख्खं गाव एक बारी वर सरकलं. पुढची गंमत ऐक. अर्धं गाव मोबाइल बघून चालतं आणि अर्धं जुन्या आठवणीवर. दुसऱ्या दिवशी पाटाच्या एकाच दाराशी चांगोकाका आणि माझे बाबा, दोघंही फावडं घेऊन उभे! एकाला मोबाइलने पाठवलेलं, दुसऱ्याला डोक्याने. दोघांची भेंडी तहानलेली. बाबांचा आवाज तुला ठाऊक आहे, पार शाळेपर्यंत गेला.

संध्याकाळी गावदेवीपुढे सगळे बसले. ओमकार कान धरून उभा होता. पण चांगोकाका म्हणाले, “झाला ता बरा झाला. रिकाम्या शेताला पानी कशाला? ती काय आता येत नाय.” मला राग आला, पण त्यांचंही अगदीच चूक नाही. त्यांचं शेत पाटाच्या शेपटाला, तिथवर पाणी पोचतं ते करंगळीएवढं. तेव्हा बाईजा आत्या उठली. “रामूच्या बापानं या बंधाऱ्याला डोक्यावर दगड वायलेत. तिची बारी काढनारे आमी कोन?” आपल्याकडे बंद घराची बारी शेजाऱ्याने राखायची, पहिला वाफा भिजेल इतकं पाणी सोडायचं आणि दार बंद करायचं. रामूदादा गेल्यापासून तुझी बारी शेजारीण म्हणून मी राखतेय, हे तुला कुणी सांगितलं नसेल. शेवटी ठरलं की तुझा कोरा खाना परत जागेवर ठेवायचा आणि संक्रांतीपर्यंत थांबायचं. तोवर त्या घरातून कुणी आलं नाही तर तो सोमवार शेपटाच्या शेतांना.

मी घरी आले आणि माझं पान लिहायला घेतलं. त्या औजारापुढे आधी एकच ओळ होती, दिलेले खाने काढून टाकतो. मी खाली लिहिलं, रिकामा खाना म्हणजे नको असलेला खाना नव्हे. काढल्याने बाकीचे सरकणार असतील, तर आधी माणसाला विचार. आमच्या साहेबांनी विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हटलं, किन्हवलीहून. ते हसले, पण ओळ ठेवली. तुला खरं सांगू, इतकी वर्षं लिहितेय, पण आपलं लिहिलेलं कुणाच्या उपयोगी पडेल असं पहिल्यांदाच वाटलं.

वहिनी, तू का येत नाहीस ते मला कळतं. दादाला काविळीने दवाखान्यात नेलं तेव्हा भेंडी नुकती तोडणीला आली होती. तू एकटीच परतलीस आणि बांधावर उभी राहिलीस, एकही भेंडी तोडली नाहीस. ती झाडावरच वाळून गेली. तेव्हा मी तुला काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण तुझ्याशिवाय मला इथे करमत नाही, एवढं बोलते. बाईच्या जातीने एकटीने दारं धरायची नसतात असं कुणी म्हटलं असेल, तर ते मनातून काढ. मी संगणकवाली, तरी धरतेच की. चप्पल दर वेळी चिखलात जाते, ती गोष्ट वेगळी.

आता खरं कारण. काल ओमकारने पुन्हा शीट नीट करायला दिली आणि या वेळी माझी ती ओळ वाचून सांगकाम्या थांबला. गावाच्या ग्रुपवर त्याचा प्रश्न आला, हा खाना रिकामा आहे, ही कुणाची बारी आहे का? काढू की ठेवू? सगळ्यांनी वाचला. चांगोकाकांनीही. मी त्यांना गाठून विचारलं, तर खाली बघत म्हणाले, “मी कसा सांगू? तिला इचार ना गो.” म्हणून विचारतेय. ‘काढा’ म्हणालीस तर मी रुसणार नाही, पण ते इथे येऊन, शेताकडे बघून म्हण. ‘ठेवा’ म्हणालीस तर बियाणं माझ्याकडे आहे आणि बाबा नांगर घालून देतील. संक्रांतीआधीची तुझी शेवटची बारी येत्या सोमवारी आहे. त्या दिवशी मी पहाटे बंधाऱ्यावर येईन, फावडं घेऊन उभी राहीन, पण तुझ्या शेतात पाणी मी सोडणार नाही. तू सोड.

वाट बघणारी, तुझीच
अक्षदा