दादाची मर्सिडीज आंबेनळी घाटात

महाड,
२७ सप्टेंबर

आदरणीय बुद्धरत्नदादांस,
धाकटी बहीण अनुपमा हिचा सप्रेम जय भीम.

विक्रोळीला सगळे खुशाल असतील. दीक्षावहिनी तुमच्या गुडघ्याला तेल चोळत असतील आणि तुम्ही तो तेलकट पाय धुतलेल्या चादरीवर ठेवत असाल, हेही धरून चालते. इकडे मी बरी आहे, आई बरी आहे आणि गाडीही बरी आहे. (गाडीचं नाव तिसरं लिहिलं म्हणून रागावू नका. आई वयाने मोठी आहे.) समोर असताना मी तुम्हाला अरे-तुरे करते आणि पत्रात अहो-जाहो करते आहे, यावरून विषय गंभीर असल्याचं तुमच्या लक्षात आलंच असेल. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच “काय केलंस?” म्हणून ओरडता आणि पुढचं सगळं राहून जातं. पत्रावर कितीही ओरडलात तरी ते आपलं पुढे चालू राहतं.

तर, गेल्या बुधवारी मी तुमची मर्सिडीज बाहेर काढली.

पाणी प्या आणि मग पुढे वाचा. तुमच्या साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी ती गाडी तुमच्या हातात दिली, ती तुम्ही मुंबईत जागा नाही म्हणून माझ्या दारात आणून ठेवलीत, सावित्रीच्या पुराच्या धास्तीने तिच्यासाठी कमरेएवढा चौथरा बांधलात (माझ्या घराचं जोतं त्याच्याहून वीतभर खाली आहे, हे मी आजवर काढलं नव्हतं), वर पत्रे घातलेत आणि मला सांगितलंत की आठवड्यातून दहा मिनिटं चालू करायची, पण हलवायची नाही. तीन वर्षं मी ते पाळलं. दर रविवारी इंजिन चालू करून स्टिअरिंगसमोर बसायचे आणि दहा मिनिटं पत्र्याकडे बघायचे. तुडीलच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रीतसर ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं, ते काय पत्र्याकडे बघायला?

आईच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हींत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. महाडला डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून येतात, तपासतात फक्त बुधवारी, दुपारी दोनपर्यंत, आणि ऑपरेशनं गुरुवारी करतात. आंबेनळी घाटात एसटीच्या थांब्यापासून वाडीवरच्या आपल्या घरापर्यंतची वाट आईला आता दिसत नाही, म्हणून गाडी थेट दारात न्यायला हवी. तीन वेळा ठरलं आणि तीन वेळा मोडलं. एकदा दरड आली, एकदा सांगितलेली जीप लग्नाला गेली आणि एकदा तुम्ही म्हणालात, “थांब, दिवाळीला मीच येतो आणि आईला मर्सिडीजमधून नेतो.” ती दिवाळी गेली. तुम्ही आलात, गाडी पुसलीत, घाटात खडी पडलीय म्हणालात आणि परत गेलात. त्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात आईने चुलीवरचं भांडं समजून पेटत्या लाकडाला हात लावला. त्या दिवशी मी ठरवलं की पुढचा बुधवार चुकू द्यायचा नाही, मग दादाने मला घराबाहेर काढलं तरी चालेल. (घर माझंच आहे हे नंतर लक्षात आलं.)

धीर मला तुमच्याच इतिहासाने दिला. तीन वर्षं दर फोनवर तुम्ही तो सांगता: कार्ल बेंझसाहेबांनी १८८६ साली पेटंट घेतलं, तिकडे डाइमलरसाहेब वेगळे खपत होते, दोघांच्या कंपन्या १९२६ साली एक झाल्या, मर्सिडीज हे एका व्यापाऱ्याच्या लेकीचं नाव, आणि चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी, आकाश. शेवटी जाता जाता म्हणता, “त्यांच्या मिसेसनी पण एकदा चालवली होती.” मी शिक्षिका, ‘पण एकदा’वर माझं समाधान होत नाही, म्हणून वाचून काढलं. दादा, त्या मिसेस म्हणजे बर्था बेंझ. लोक नवऱ्याच्या गाडीवर विश्वास ठेवत नव्हते आणि नवरा ती बाहेर काढायला कचरत होता. तेव्हा ह्या बाई १८८८ साली नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन शंभर किलोमीटर गेल्या. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनने मोकळी केली. ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि गेल्या कुठे? आपल्या आईकडे! त्यानंतर गाडीचं नाव झालं. म्हणजे ज्या नावलौकिकासाठी तुम्ही ती चौथऱ्यावर ठेवली आहे, तो तिला चौथऱ्यावर मिळालेला नाही. (आणखी एक गोष्ट वाचली, जी तुम्ही कधी सांगत नाही. महायुद्धात त्या कारखान्यांत हजारो माणसं बळजबरीने राबवली गेली. कंपनीने ते पुढे कबूल केलं आहे. चांगल्या नावाला तेवढं लपवायची गरज नसावी. तुम्हीही सांगत जा. आपण नाही सांगायचं तर कोणी?)

सकाळी सातला शेजारचे गोमाजीकाका चौथऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी बैलगाडी आणि सायकल सोडून काही चालवलेलं नाही, पण “येऊंदे, येऊंदे” म्हणण्याचा त्यांचा अधिकार मोठा. गाडी हलेना. हँडब्रेक सोडायचा तर हँडब्रेक सापडेना. शिकवणीच्या गाडीत तो हाताशी असतो, तुमच्या गाडीत तो पायाशी दाबायचा आणि सोडायला वेगळी मूठ ओढायची, हे तुम्ही इतिहासात सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी मूठ सापडली. गाडी चौथऱ्याच्या उतारावरून खाली आली ती थेट काकांच्या “येऊंदे”पर्यंत, आणि काका आयुष्यात पहिल्यांदा “पुरे” म्हणाले.

महामार्गावर गाडी अशी चालली की मला वाटलं, ती तीन वर्षं ह्याचीच वाट बघत होती. ह्या आनंदात पोलादपूरला सर्व्हिस रोडला वळायचं राहिलं. मधे दुभाजक, मागे ट्रक, वळायला जागा नाही. मी सरळ जात राहिले आणि कशेडीचा बोगदा आला. आईला आणायला निघालेली मी रत्नागिरी जिल्ह्यात बाहेर पडले. तिथून वळून परत बोगदा, परत पोलादपूर. ह्यात पाऊण तास गेला आणि डिझेलही गेलं, पण काट्याकडे बघायचं मला सुचलं नाही. दहा मिनिटं पत्र्याकडे बघताना डिझेल कुठे लागतं?

आंबेनळीच्या चढाला लागल्यावर एका वळणावर दरडीची माती अर्ध्या रस्त्यावर पडलेली होती. पोकलेन ती उचलत होतं. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात मी शिरले आणि समोरून महाबळेश्वरकडची एसटी आली. माझ्या मागे दोन टेंपो. रिव्हर्स मला येतो, पण मैदानात येतो. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. मनात म्हटलं, आता एसटीला उडता आलं तर तिने उडावं, मी हलणार नाही. एसटीचे ड्रायव्हर खाली उतरले. छातीवरच्या पट्टीवर मालोजी एवढंच वाचता आलं. त्यांनी आधी चांदणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोनाची गाडी?”

“भावाची.”

“भाऊ काय करतो?”

“सव्वीस वर्षं हीच गाडी चालवली त्याने. साहेबांचा ड्रायव्हर होता. एकदाही कुठे ठोकली नाही.”

ते वर चढले आणि भरलेली एसटी वळणापर्यंत मागे घेतली. दादा, एसटी कोणासाठी मागे आलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. मला वाटलं, हा जर्मन चांदणीचा प्रताप. शेजारून पुढे जाताना मी काच खाली करून आभार मानले, तर ते म्हणाले, “गाडीला नाय बाई, भावाला दिला रस्ता. सव्वीस वर्सं न ठोकता म्हंजे गंमत नाय.” पुढच्या दोन वळणांवर मला रस्ता नीट दिसला नाही. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

वाडीवर पोचले तेव्हा आई अंगणात बसलेली. मी सांगितलं की दादाच्या गाडीतून न्यायला आलेय, जर्मन गाडी आहे. तिने हात पुढे करून बॉनेट चाचपलं, बोटाने टकटक वाजवलं. म्हणाली, “जर्मनची? म्हंजे आपल्या पातेल्याची? घाटात चेपंल नाय का गो?” अर्धा तास ॲल्युमिनियमचं जर्मन आणि देशाचं जर्मन ह्यांतला फरक समजावण्यात गेला. तो तिला पटला नाही. (“मग पातेल्याला जर्मन कशाला म्हनतात?” ह्याचं उत्तर तुमच्या इतिहासात असेल तर कळवा.) मग तिने खरा प्रश्न विचारला: “बुधाला इचारलास?” मी “हो” म्हटलं. दादा, तुमच्या नावावर मी एवढं एक खोटं बोलले आहे. ते ऐकून तिचा चेहरा असा उजळला की तुम्ही हे पत्र वाचून जरी “नाही” म्हणालात, तरी त्या दिवशी तुम्ही “हो”च म्हणाला होतात, असं मी धरून चालणार आहे.

उतरताना त्याच दरडीपाशी गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. काटा शून्यावर. साडेबारा वाजलेले. मी नुसती चावी फिरवत राहिले. आई मात्र निवांत. सबंध उतारावर मी तिला बर्थाबाईंची गोष्ट सांगत आले होते. तिने अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात ठेवला. “घे. तिनं केलंन तसं कर.” मी म्हटलं, आई, डिझेल संपलंय, आकडा कुठे घालू? ती म्हणाली, “तिच्या गाडीला चालला, आपल्या कसा नाय चालत? मग कसली एवढी नावाजलेली?” शेवटी मी पोकलेनसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. चालवणारा प्रितम नावाचा खाली मान घालून काम करणारा माणूस, तो घाबरून उतरला. मी एका दमात सांगितलं: आई, डोळा, बुधवार, दोनच्या आत. त्याने पाच लिटरचा कॅन भरून आणला, पाना आणून नळीतली हवा काढली आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. मग आईजवळ जाऊन म्हणाला, “आजी, माझ्या आयेचापन डोला ऱ्हायलाय.” आईने त्याला बुधवार आणि दोनच्या आत, दोन्ही पाठ करायला लावलं.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दोनला आठ मिनिटं कमी होती. डॉक्टर हात धुवत होते. गुरुवारी ऑपरेशन झालं, शुक्रवारी सकाळी पट्टी सोडली. आईने बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, “तू म्हातारी झालीस गो!” मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. मग तिला गाडी बघायची होती. बाहेर आणली. ती गाडीभोवती सावकाश फिरली, चांदणीपाशी थांबली. जमीन, पाणी, आकाश मी सांगणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, “ह्यो पंखा कशाला लावलाय पुढं? इंजिनला वारा लागाया?” दादा, मी “हो” म्हटलं.

गाडी सध्या दारात आहे, चौथऱ्यावर नाही. कारण तिला त्याच्यावर चढवायला मला येत नाही. आई माझ्याकडेच आहे. वहिनींना जय भीम, नातवंडांना आशीर्वाद. राग आला असेल तर एक दिवस ठेवा, दोन नको, गुडघ्याला बरा नसतो.

तुमची,
अनुपमा

ता. क. १ – गाडी बरी आहे असं सुरुवातीला लिहिलं, ते उजव्या बाजूबद्दल होतं. डाव्या बाजूला करवंदीच्या जाळीने दरवाज्यापासून दरवाज्यापर्यंत ओरखडे काढले आहेत. एसटीशेजारून जाताना झाले. मालोजींची चूक नाही.

ता. क. २ – वाडीवरच्या चार म्हाताऱ्यांनी आणि प्रितमच्या आईने बुधवारसाठी नावं दिली आहेत. गाडी येते असं मी सांगून बसले आहे. तेव्हा ती विकायचा, झाकायचा किंवा परत न्यायचा विचार असेल तर तो ह्या पाच जणींना तुम्ही स्वतः येऊन सांगा. मी सांगणार नाही.

ता. क. ३ – पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. आईच्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारची मिळाली आहे. शुक्रवारी पट्टी सुटेल. आई जवळ बसून सांगते आहे, तसंच उतरवते: “बुधा, एका डोळ्याला पयली अनुपमा दिसली. दुसऱ्या डोळ्याला पयला तू दिसला पायजेस. ओरखडं-बिरखडं राहूंदे, तू ये. आनि घरी नेताना गाडी तूच चालव. ही बाय गाडी कमी चालवते नि इतिहास जास्त सांगते.”