एकतर्फी निकाल

अलीपूर, कलकत्ता
४ डिसेंबर १९५४

ती. दादांस शरच्चंद्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सर्वोच्च न्यायालयावर यायला तयार आहे का, अशी दिल्लीहून मला खाजगी विचारणा आली, हे घरात वृंदाला आणि नागपूरला तुम्हांला, एवढ्या दोघांनाच ठाऊक. राष्ट्रपतींची सही होईपर्यंत अवाक्षर फुटता कामा नये, असंही मी लिहिलं होतं. आणि परवा चहाच्या वेळी बॅरिस्टर सेन चक्क माझं अभिनंदन करून गेले!

आता कळतं, की गेल्या आठवड्यात तुम्ही दिल्लीत एका मंत्र्यांच्या बंगल्यावर तासभर बसला होतात. हे मला परक्याकडून कळावं? दादा, माझ्यासाठी शब्द टाकलात का? वशिल्याच्या खुर्चीवर मी बसणार नाही. उलट टपाली कळवा.

कृपा असावीच, पण आधी खरं सांगावं.
शरच्चंद्र


नागपूर
८ डिसेंबर

चि. शरद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून असा संताप आला की हातातला चहा तसाच निवला. अरे शंकासुरा, मी गेलो होतो आमच्या मुलींच्या शाळेला छप्पर मागायला! कलकत्त्याचे न्यायमूर्ती तुमचे कोण, असं त्यांनीच विचारलं. धाकटा भाऊ, एवढं सांगून मी पुन्हा पत्र्यांवर आलो. लहानपणी लाडू कमी भरले की तू आधी माझेच खिसे चाचपायचास. खोड गेली नाही मेल्या तुझी.

घाईनं काही करू नकोस. तुला त्या खुर्चीवर बसलेला बघायचंय मला. चि. सौ. वृंदेस आशीर्वाद.

रागावलेला, तरी तुझाच,
श्यामराव


अलीपूर, कलकत्ता
१२ डिसेंबर

ती. दादांस वृंदाचा शि. सा. नमस्कार.

बातमी फुटली ती माझ्यामुळे. बोलले नाही हो कुणाशी! पण दिल्लीच्या थंडीसाठी यांना स्वेटर विणायला घेतला आणि बाह्यांचे टाके विचारायला सेनबाईंकडे गेले. कलकत्त्यात एवढी जाड लोकर कोण घालतं? त्यांनी बरोबर ओळखलं. यांना सांगायची मला भीती वाटली.

तेवढ्यात कोर्टात आणखी एका वकिलानं अभिनंदन केलं, आणि यांनी तुमच्या उत्तराची वाट न पाहता सहा तारखेलाच दिल्लीला नकार कळवून टाकला. काल तुमचं पत्र आलं, तेव्हा मी सगळं कबूल केलं. माझ्यावर रागावले नाहीत. दिल्लीचं काही वाटत नाही म्हणाले. पण तेवीस वर्षांत दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय कधी निकाल दिला नव्हता, पहिला दिला तो दादांविरुद्ध, असं म्हणाले. कालपासून तुम्हांला पत्र लिहायला बसतात, आणि मायन्याच्या पुढे जातच नाहीत.

राग सारा माझ्यावर काढावा. यांच्यावरचा लोभ तेवढा कमी करू नये.
वृंदा