आरशातले भोवरे

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पाठ आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. मलम लावायचा आळस करतेस, हे मला इतक्या लांबूनही दिसतं.

आता मुद्द्याचं. भावोजींनी माझी मापनं स्वतःच्या नावावर छापली. त्यांच्या प्रयोगशाळेत दीड वर्ष मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. काही नॅनोमीटर जाडीच्या धातूच्या थरात इवलेसे चुंबकीय भोवरे असतात, स्कर्मिऑन म्हणतात त्यांना. विजेने ढकललं की ते सरळ न जाता एका अंगाला सरकतात. किती आणि कुठे, ते मी मोजलं. नवी नोकरी धरून मी या गावी आले, तेवढ्यात त्यांनी संगणकातली माझी छायाचित्रं उचलली. फोनवर विचारलं तर म्हणाले, घरातल्या घरात तुझं-माझं कसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण वही माझ्याकडेच आहे. त्या यंत्रात कॅमेऱ्याआधी एक आरसा आहे, त्यामुळे डावं उजवीकडे दिसतं. प्रत्येक चित्र मी सुलट करून वहीत नोंदायचे. भावोजींनी दहा वर्षांत त्या यंत्राला हात लावलेला नाही. त्यांनी चित्रं होती तशीच छापली. आता त्यांचे भोवरे सगळ्या जगाच्या उलट सरकतात आणि त्यालाच ते नवा शोध म्हणतात! सव्वीस तारखेला त्यावर त्यांचं मोठं व्याख्यान आहे. मी येणार, भर सभेत उठून आरशाबद्दल विचारणार. मला त्यांची पुरती जिरवायची आहे.

पण संसार तुझा आहे. तू नको म्हणालीस तर मी वही मिटेन.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी

ता. १६ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. आधी राग आला तो तुझाच, परवानगी मागतेस म्हणून.

तुला कधी बोलले नाही. यांचा प्रबंध चुंबकीय पट्ट्यांमधल्या सीमाभिंती कशा सरकतात यावर होता. त्यातलं सगळं गणित माझं. त्यापायी माझा स्वतःचा अभ्यास अर्धवट राहिला. आभाराच्या पानावर मला एक ओळ मिळाली, वेळेवर जेवण दिल्याबद्दल. बावीस वर्षं ती ओळ माझ्या घशात अडकली आहे.

व्याख्यानाआधी मला सगळी चित्रं दाखवायची, ही यांची जुनी सवय. चुका मीच काढते. काल यांनी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला आणि काही राहिलंय का, म्हणून विचारलं. भोवरे उलट्या अंगाला जाताना मी डोळे भरून पाहिले. मग सांगितलं, सगळं बिनचूक आहे, फक्त ते भोवऱ्यांचं चित्र मागच्या रांगेला दिसणार नाही, पडदाभर मोठं करा. त्यांनी लगेच केलं. वर म्हणाले, तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही.

प्रश्न सावकाश विचार. मी पुढच्याच रांगेत असेन.

तुझ्यावर जीव आहे, तो जन्मभर राहील.

तुझी,
ताई